व्हिडिओ बघून घरची दुरुस्ती आणि हातकाम: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

२०२०च्या टाळेबंदीत आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला आणि प्लंबरला सोसायटीच्या गेटच्या आत सोडत नव्हते. तो नळ मी मोबाइलवर व्हिडिओ बघत दुरुस्त केला. तेव्हापासून शेजारपाजारचे, नात्यातले, शाळेतल्या मैत्रिणी मला विचारत आल्या आहेत. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. दुसऱ्या उत्तरात येऊन गेलेली गोष्ट परत लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या हाताला कशाचीच सवय नाही. सुरुवात कुठून करू?

जिथे चुकलं तरी कोणाला इजा होणार नाही आणि घरात पाणी साचणार नाही तिथून. कपाटाच्या दाराची बिजागरी ढिली झाली आहे, स्क्रू नुसता गोल फिरतो, असं प्रत्येक घरात एक तरी दार असतं. स्क्रू काढा. गुल मोडलेल्या दोन-तीन आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात दाबून बसवा, बाहेर उरलेला भाग कापा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी तोच स्क्रू पिळा. लाकडाने स्क्रू धरला की हाताला कसं लागतं, ते तुम्हाला पहिल्यांदा कळेल. पुढच्या सगळ्या कामांत ही जाणीव उपयोगी पडते. त्यानंतर नळ (प्रश्न ४), आणि वीज सगळ्यात शेवटी (प्रश्न ६).

२. कोणती हत्यारं घ्यावीत? ऑनलाइन शंभर नगांचा संच दिसतो, तो घेऊ का?

संच घेऊ नका. त्यातले ऐंशी नग कधी हातात येत नाहीत आणि जे येतात ते मऊ लोखंडाचे असतात, दोनदा वापरले की त्यांचं टोक झिजतं. एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, रबरी मुठीची पक्कड, एक स्क्रू पाना, मोजपट्टी, टेस्टर आणि टेफ्लॉन टेप यांवर वर्षभर काम चालतं. ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडून मागून आणता येतं.

३. एकाच दुरुस्तीचे पन्नास व्हिडिओ सापडतात. खरा कोणता, ते कसं ओळखायचं?

मी आधी हात बघते. काम करणाऱ्याचे हात सलग दिसतात का, की नेमक्या अवघड जागी कट मारून पुढचं दाखवलं आहे? गंजलेला स्क्रू निघत नाही, तिथे तो काय करतो, हे दाखवणारा व्हिडिओ सोन्यासारखा. नवीकोरी वस्तू खोलून परत जोडणाऱ्या व्हिडिओतून दुरुस्ती शिकता येत नाही.

मग खालच्या प्रतिक्रिया वाचा. नोव्हेंबर २०२१पासून यूट्यूबवर नापसंतीचा आकडा दिसत नाही, त्यामुळे चुकीचं दाखवलं आहे हे सांगणारी माणसं प्रतिक्रियांतच सापडतात. ‘मी असं केलं आणि पाइप फुटला’ असं तीन-चार जणांनी लिहिलं असेल तर तो व्हिडिओ सोडून द्या.

कोरड्या इन्स्टंट नूडल्स आणि चिकट द्रावाने फुटलेलं बेसिन भरून, घासून, रंगवून दाखवणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. ते डोळ्यांना छान वाटतात, पण त्या बेसिनला रोजचं पाणी लागलं की काय होतं ते कोणी दाखवत नाही.

सफाईच्या व्हिडिओंबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली संडास-बाथरूम तर बंदिस्त, लहानशी असतात.

४. व्हिडिओत पाच मिनिटांत झालेलं काम मला दोन तास लागलं. माझं काय चुकलं?

काही चुकलं नाही. पाच मिनिटं ही काम येणाऱ्याची, आणि कापून जोडलेली. माझ्या पहिल्या नळाचं सांगते, म्हणजे वेळ कुठे जातो ते कळेल.

व्हिडिओतल्या माणसाने पाना लावला आणि नळाचा वरचा भाग फिरवून काढला. माझा हलेना. वीस वर्षांचा क्षार आट्यांत बसला होता. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं त्याला तासभर गुंडाळून ठेवलं, तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला. आतून स्पिंडल, म्हणजे नळ फिरवला की वर-खाली होणारा दांडा, बाहेर आला, त्याच्या टोकाला काळं रबरी वायसर (वॉशर). उलटं करून पाहिलं तर त्यावर गोल खाच पडलेली, नखाने चाचपली तर नख अडकत होतं. त्या खाचेतूनच पाणी ठिबकत होतं. दुकानं बंद, म्हणून जुन्या बादलीच्या नळाचं वायसर काढून घातलं. ते महिनाभर टिकलं.

तेव्हापासून कुठल्याही नळाला हात लावण्याआधी मी हे करते. त्या भागाचा कॉक किंवा टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा ठेवते, म्हणजे पाइपातलं पाणी निघून जातं. मोरीच्या जाळीवर फडकं पसरते, कारण लहान स्क्रू नेमका तिथेच पडतो. आणि एकेक भाग काढताना फोटो घेते. जोडताना तेच फोटो उलट्या क्रमाने बघायचे.

नवं वायसर घालूनही नळ गळत असेल तर ते जिथे टेकतं ती पितळी कड बोटाने तपासा. ती खडबडीत झाली असेल तर नवं वायसरही लवकर कापलं जाईल. आणि अर्ध्या-पाव फेऱ्यात बंद होणारा नवा नळ असेल तर त्यात वायसर शोधत बसू नका. आत सिरॅमिकच्या चकत्यांचा कार्ट्रिज असतो, तो अख्खा बदलतात. जुना बरोबर घेऊन दुकानात जा.

टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. उलटी गुंडाळली तर पिळताना ती सुटत जाते.

५. परदेशी व्हिडिओ जास्त नीट समजावतात. ते बघून केलं तर चालेल ना?

हाताची पद्धत शिकायला चालेल, पण त्यांचं घर आपलं घर नाही. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. त्यांच्याकडे काळी वायर फेजची (वीज घेऊन येणारी) आणि पांढरी न्यूट्रलची (वीज परत नेणारी). आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, आणि फेज बहुधा लाल, पिवळी किंवा निळी. उपकरणाच्या दोरीत पुन्हा वेगळं: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. म्हणजे अमेरिकन व्हिडिओतल्या माणसाची धोक्याची वायर आपल्या डोळ्यांना न्यूट्रल वाटते. जुन्या घरात वायरमनने हाताला लागली ती वायर ओढलेली असते, तेव्हा आपल्याकडच्या रंगांवरही विसंबू नका.

भिंतींचंही तसंच. त्यांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या, म्हणून ते आधी सांगाडा शोधतात. आपल्या भिंतीसाठी प्रश्न १० पाहा.

६. विजेचं काम घरी कुठपर्यंत करावं?

बल्ब, ट्यूब, प्लग टॉप आणि पंख्याचा कपॅसिटर, इथपर्यंत मी स्वतः करते. भिंतीतली वायरिंग, मीटर, मेन बोर्ड, अर्थिंग आणि गीझरची जोडणी यांसाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम २ वर्षांचा असतो. ती २ वर्षं १२ मिनिटांच्या व्हिडिओत मावत नाहीत.

जे करायचं ते बटण बंद करून नव्हे, एमसीबी (मेन बोर्डातला त्या भागाचा वीज तोडणारा खटका) पाडून करायचं. याचं कारण नीट समजून घ्या. वायरमनने फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील तर बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत फेज पोचलेलाच असतो. पंखा फिरत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो आणि तिथेच झटका बसतो.

टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून पेटतो ना ते बघा, मग कामाच्या जागी लावा, मग पुन्हा त्या चालू सॉकेटमध्ये. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो कुठेच पेटणार नाही, आणि तुम्ही समजाल वीज गेली.

आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही इन्व्हर्टरवरचे पंखे-दिवे जिवंत राहतात. इन्व्हर्टर वेगळा बंद करा. गावाकडे भारनियमनामुळे घरोघरी इन्व्हर्टर आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज कुठे गळली, कोणाला झटका बसला की लगेच पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर बाकी कशाआधी ती बसवून घ्या. वायरमनला सांगितलं की त्याला कळतं.

७. पंखा हळू फिरतो. सगळे म्हणतात कपॅसिटर बदला. तेच असतं का?

बहुतेक वेळा तेच, पण आधी दोन गोष्टी बघा. एमसीबी पाडून पाती हाताने ढकला. सहज फिरून हळूहळू थांबली तर बेअरिंग ठीक. जड लागली किंवा खरखरली तर बेअरिंग गेलं आहे आणि कपॅसिटर बदलून काही होणार नाही. दुसरं, रेग्युलेटरच्या सगळ्या आकड्यांवर वेग सारखाच असेल तर आधी रेग्युलेटरवर संशय घ्या. पंखा नुसता हुंकारतो आणि पात्याला धक्का दिल्यावरच फिरायला लागतो, हे मात्र कपॅसिटर गेल्याचं अगदी ओळखीचं लक्षण.

जुन्या कपॅसिटरवर छापलेला आकडा वाचा, छताच्या पंख्यात बहुधा २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असतो, आणि तोच आणा. मोठा घातला तर पंखा जोरात फिरेल असं सांगणारे व्हिडिओ आहेत. तसं केलं की मोटर तापते. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा भार उरतो, त्याच्या उघड्या टोकांना बोट लावू नका. झटका लहान असला तरी आपण शिडीवर असतो. खाली शिडी धरायला कोणीतरी हवंच.

बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणारा, बहुधा रिमोटवर चालणारा) असेल तर हे उत्तर लागू नाही. त्यात असा कपॅसिटर बदलायचा नसतो, बिघाड आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीत असतो.

८. मिक्सर वाटता वाटता बंद पडला. जळला का?

आधी तो उलटा करून तळ बघा. तिथे बहुधा लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते आपोआप बाहेर येतं आणि मोटर वाचते. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा. ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि चटणीची डाळ यांवर मिक्सर असा सारखा बंद पडतो. वाटण थोडं थोडं घाला.

मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही, तर कपलर (मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती) झिजला. बहुतेक मिक्सरमध्ये मोटरवरच्या कपलरचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. हे ठाऊक नसल्याने किती जणांनी पक्कड लावून तो जास्तच आवळून मोडला, हे मी पाहिलं आहे. सायकलच्या डाव्या पायडलचंही असंच. काहीतरी निघतच नाही असं झालं की जोर वाढवण्याआधी त्याच मॉडेलचा दुसरा एक व्हिडिओ बघा.

९. कशाला अजिबात हात लावू नये?

मायक्रोवेव्ह उघडू नका. प्लग काढून ठेवला तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो.

गॅसच्या रेग्युलेटरशी आणि सिलिंडरच्या व्हॉल्व्हशी खटपट करू नका. बर्नर काढून त्याची भोकं पिनेने साफ करणं ठीक, तेवढंच. गॅसची नळी (सुरक्षा होज) ५ वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवर छापलेली असते. गळतीची शंका असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी पेटवून कधीच नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं कुठलंच बटण चालू किंवा बंद करू नका, आणि घराबाहेर जाऊन १९०६ला फोन करा.

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवा बसवा. तिथे एम-सील किंवा स्क्रू घालून भागवणारे व्हिडिओ आहेत, ते बघून माझ्या काळजाचा ठोका चुकतो. वाफ जास्त झाली की तो व्हॉल्व्ह उडावा म्हणूनच बसवलेला असतो.

१०. भिंतीला भोक पाडताना ड्रिल आत जातच नाही, किंवा गिट्टी गोल फिरते. असं का?

बाहेर पडणारी पूड बघा. लाल असेल तर वीट, तिथे ६ मिलिमीटरचं भोक आणि त्याच मापाची गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात तो प्लॅस्टिकचा तुकडा) नीट बसते. राखाडी, कठीण आणि ड्रिल किंचाळत असेल तर कॉलम किंवा बीम लागला आहे. तिथे हॅमर ड्रिल लागतं, आणि लोखंडी सळई लागली तर जागा बदला, सळई कापू नका. मायव्हानच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या) नव्या इमारतींत सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात. पूड मऊ, पिठासारखी असेल तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलके, सच्छिद्र ब्लॉक. त्यांत साधी गिट्टी धरत नाही, लांब आणि फुलणारी मागा, आणि हॅमर बंद ठेवून भोक पाडा.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, तिथून वायरी गेलेल्या असतात. बाथरूममध्ये नळ आणि गीझरच्या वरचीही जागा टाळा.

११. भिंतीला ओल येते, पोपडे पडतात. व्हिडिओत दाखवलेला वॉटरप्रूफ रंग लावला, पुढच्या पावसात पुन्हा तेच.

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, आणि यावर लोकांचे पैसे वाया जाताना बघून मला फार वाईट वाटतं. ओल दिसते आतून आणि पाणी शिरतं बाहेरून किंवा वरून. आतून रंग लावला की पाणी भिंतीतच राहतं आणि रंगाला मागून ढकलून पाडतं. म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं, आणि त्यासाठी व्हिडिओ नको, वही हवी.

ओल कधी वाढते ते महिनाभर लिहा. भर एप्रिलमध्येही भिंत ओली असेल तर पावसाचा संबंध नाही, पाइप किंवा वरच्या घरातलं बाथरूम आहे. घरातले सगळे नळ रात्री बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, सकाळी पुन्हा वाचा. आकडा हलला असेल तर आपलाच पाइप गळतो. हलला नाही तर वरच्यांना विनंती करून त्यांची न्हाणी एक दिवस वापरू नका म्हणावं, आणि फरक पडतो का बघावं. जूनच्या पहिल्या सरींनंतर काही दिवसांनी ओल येत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीची चौकट किंवा गच्ची.

बाहेरची भेग भरायचं काम एप्रिल-मेमध्ये करा. भिंत पूर्ण कोरडी हवी, आणि सिमेंटने भरलं असेल तर किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं. भर पावसात ताडपत्री घालून केलेलं काम टिकत नाही. आणि उंचावरची बाहेरची भिंत असेल तर दोराला लटकून करायचं ते काम त्यातल्या माणसांचंच.

सोसायटीत राहत असाल तर खर्चाचाही प्रश्न येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती संस्थेने करायची असते. संडास, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च त्या त्या सदस्याचा. अर्ज लेखी द्या, वहीतल्या तारखा आणि फोटो जोडा.

ओल स्विचबोर्डपर्यंत पोचली असेल तर शोध वगैरे नंतर. तो एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

१२. व्हिडिओत सांगतात ती वस्तू दुकानात मागितली तर दुकानदाराला कळत नाही. काय म्हणायचं?

हार्डवेअरच्या दुकानाची भाषा वेगळी आहे. वॉशर म्हटलं तर कळेल, वायसर म्हटलं तर लगेच हातात येईल. टाकी भरल्यावर पाणी थांबवतो तो बॉल कॉक, भिंतीतून येणारा साधा नळ बिब कॉक, बेसिनवर उभा असतो तो पिलर कॉक, आणि फ्लशच्या टाकीखाली असतो तो अँगल कॉक. पाइपचं वळण एल्बो, तीन तोंडांचा तुकडा टी. घरातले नळ बहुधा अर्धा इंची असतात, पण जुनी वस्तू पिशवीत घालून नेणं केव्हाही चांगलं.

पाइप चिकटवायचं सोल्युशन मागताना पाइप यूपीव्हीसी की सीपीव्हीसी ते सांगा. दोन्हींचं वेगळं असतं, आणि गरम पाण्याला यूपीव्हीसी चालत नाही.

१३. वॉरंटीतली वस्तू उघडली तर?

वॉरंटी जाण्याचीच शक्यता जास्त, म्हणून मुदत संपेपर्यंत उघडू नका. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केलं. त्यात सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती एकत्र मिळते. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

१४. क्रोशाचा रुमाल व्हिडिओप्रमाणे विणला, पण निम्म्याच उंचीचा झाला. टाके तर तेच घातले.

नावं तीच होती, टाके वेगळे. अमेरिकन पद्धतीत ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल म्हणतात, आपला साधा खांब तो. ब्रिटिश डबल क्रोशे त्याहून बराच बुटका. अमेरिकन व्हिडिओतला डबल क्रोशे तुम्ही जुन्या इंग्लिश पुस्तकातल्याप्रमाणे घातला की विणकाम बसकं होणार. ओळखण्याची खूण: शिकवणारी ‘सिंगल क्रोशे’ म्हणाली तर पद्धत अमेरिकन, कारण ब्रिटिश नावांत सिंगल क्रोशे येत नाही. सुरुवातीलाच वेग निम्मा करून सुईवर दोरा किती वेळा गुंडाळते ते मोजा आणि आपल्या शब्दांत लिहून घ्या: साखळी, खांब, दुहेरी खांब. आईने किंवा आजीने शिकवलेले शब्द हाताला लवकर कळतात.

१५. मुलांना यात घ्यावं का?

जरूर. पण दुरुस्तीपासून नको, खेळण्यांपासून. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत राहून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे कितीतरी छोटे व्हिडिओ केले, त्यांतले अनेक मराठीतही आहेत. काड्यापेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, एवढ्यावर काम होतं, आणि बिघडलं तर पुन्हा करता येतं. मोठी मुलं असतील आणि आवड टिकली तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची माहिती काढा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, बांधकाम, वीज आणि शेती प्रत्यक्ष करत शिकतात.

१६. सगळं खोललं, आता जोडता येत नाही. मिस्त्रीला बोलवायची लाज वाटते.

लाज कसली? सुटे भाग एका ताटलीत ठेवा, काढतानाचे फोटो दाखवा (प्रश्न ४), आणि काय केलं ते खरं सांगा. लपवलं तर त्याचा वेळ जातो आणि तुमचे पैसे. तो काम करत असताना जवळ उभं राहून बघू का, असं आधी विचारा. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

आमच्याकडे येणाऱ्या प्लंबरकाकांकडून मी जे शिकले ते कुठल्या व्हिडिओत मिळालं नव्हतं. मी प्रत्येक जोड जीव खाऊन आवळायचे आणि प्लॅस्टिकचे नट चिरायचे. काकांनी पाना माझ्या हातात दिला, नट आधी नुसत्या बोटांनी बसेल तितका बसवायला लावला, मग पान्याने थोडासा. माझा हात आणखी पुढे जायला लागला तसे म्हणाले, ‘थांबा, आता तो बसला.’ मी पाना तिथेच धरून ठेवला. नट पाव आटाच फिरला होता.